एक्काहत्तर सालची वही

१

थॅकर्बी ट्रॅक्टर कारखान्याच्या चौदा वह्यांपैकी एक्काहत्तर सालची वही कपाटातून नाहीशी झाली, तेव्हा प्रबोध महाशब्दे यांना पहिली काळजी वाटली ती शनिवारच्या समारंभाची. हॉटेलचा हॉल ठरला होता, तीनशे पाहुणे येणार होते, आणि भिंतीवर लावायचा ‘सव्वाशे वर्षांची परंपरा’ हा फलक छापून आला होता.

परंपरा सव्वाशे वर्षांची असली तरी महाशब्द्यांकडे ती आल्याला दोनच वर्षं झाली होती. लिंकनशायरमधल्या एका गावात १८८९ साली हा कारखाना निघाला. आधी घोड्यांचे नांगर, मग मळणीयंत्रं, युद्धात तोफगोळे, आणि युद्धानंतर डिझेलचे ट्रॅक्टर. हे ट्रॅक्टर सिंगापूरच्या बंदरात उतरत आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवर जात. १९८३ साली कारखान्याला कुलूप लागलं. आज तिथे सुपरमार्केट आहे. उरलं होतं फक्त नाव. ते प्रबोधने विकत घेतलं, आणि आता कुठल्याशा तिसऱ्याच देशात जोडलेल्या ट्रॅक्टरवर तो ते चिकटवणार होता. नावाला शोभा यावी म्हणून एक जाडजूड सचित्र इतिहासही छापायला टाकला होता.

बुधवारी संध्याकाळी त्याने सिंगापूरच्याच हौगांग भागात राहणाऱ्या आपल्या जुन्या सरांना फोन केला. निशिकांत देवस्थळी त्या वेळी जेवणाच्या टेबलाशी नातीला, जाईला, आणि तिच्या मैत्रिणीला अपूर्णांक शिकवत होते. जाईचं तेच गणित चौथ्यांदा चुकलं होतं आणि ते चौथ्यांदा, तितक्याच शांतपणे, पोळीचे तुकडे करून दाखवत होते. मुलांसाठी त्यांच्याकडे अमाप धीर होता. मोठ्यांच्या वाट्याला त्यातला थेंबही येत नसे.

“सर, जरा नाजूक मामला आहे,” प्रबोध म्हणाला. पुण्याच्या पॉलिटेक्निकमध्ये तो त्यांच्याकडे इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकला होता. शिकला म्हणजे वर्गात बसला होता. “तुमच्या विनीताने एक वही लांबवली आहे.”

“माझ्या विनीताने?”

“तुमच्याच घरात राहते ना? तुमच्याच शब्दावर मी तिला घेतलं. तिला सांगा, वही मुकाट्याने परत कर. नाहीतर शुक्रवारी बारा वाजता तिचा इथे काम करायचा पास रद्द करायला सांगितलंय मी. चोरीची तक्रार गेली तर इथे तिला दुसरा कोणी दारात उभं करणार नाही.”

“तू तिला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? कपाटाची किल्ली घेतल्याची सही रजिस्टरमध्ये फक्त तिचीच आहे.”

“म्हणजे सही करणारी ती एकटीच आहे,” निशिकांत म्हणाले. “उद्या सकाळी येतो मी. सगळ्यांना बोलावून ठेव.” आणि त्यांनी फोन ठेवला.

पण आतल्या खोलीचं दार उघडून त्यांनी पाहिलं, तर विनीताची सूटकेस पलंगावर उघडी पडली होती आणि तिच्यात कपडे भरले जात होते.

२

“पळतेस?” निशिकांतांनी विचारलं.

“पळत नाही, काका. मोजते आहे. पास रद्द झाला की तीस दिवस मिळतात. आठ वर्षांत काय काय साठलंय ते बघतेय.”

“बस आधी. वहीबद्दल सांग. जाईला सांगतेस तसं, पहिल्यापासून.”

विनीता पलंगाच्या कडेला बसली. वय पस्तीसच्या आतबाहेर, आधी एका संग्रहालयात कामाला होती, कागदपत्रं लावणं हीच तिची विद्या. गेले सहा महिने ती बुकित तिमाह भागातल्या प्रबोधच्या बंगल्यात बसून थॅकर्बीचा इतिहास लिहीत होती.

“वह्या अल्फ पार्किनच्या. जोडणी विभागाचा फोरमन. बासष्ट ते पंचाहत्तर, दर वर्षाची एक. त्याच्या मुलीने, डोरीनने, विश्वासाने पाठवल्या. माणूस भारी शिस्तीचा, काका. प्रत्येक नोंदीवर तारीख, तारखेखाली वेळ. रोज एकच, सकाळचे सात चाळीस. मग किती ट्रॅक्टर निघाले, कोण गैरहजर, कुठे अडलं. सप्टेंबरात नव्या शिकाऊ उमेदवारांची नावं.”

“एक्काहत्तरमध्ये विशेष काय?”

“पन्नास हजारावा ट्रॅक्टर. आपले शिरीष वैशंपायन आहेत ना, प्रबोधसरांचे सल्लागार, ते तेव्हा तिथे शिकाऊ होते म्हणे. त्यांच्या आठवणींचं आठ पानी प्रकरण आहे पुस्तकात. त्यात लिहिलं होतं, दोन ऑगस्टला तो ट्रॅक्टर बाहेर आला, अंगणात दोन हजार कामगारांनी टोप्या उडवल्या.”

“मग?”

“दोन ऑगस्टला तिथे टोपी उडवायला कोणी नसणार, काका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अख्खा कारखाना पंधरा दिवस बंद व्हायचा. ही तिकडची पद्धतच होती. एकाच वेळी सगळ्यांना सुट्टी, गावच्या गाव समुद्रावर. बाकीच्या तेराही वर्षांत तसंच आहे; एक्काहत्तरची तेवढी नीट वाचायची राहिली होती. मी प्रुफाच्या कडेला लिहिलं: ‘या दिवसांत सुट्टी असते. एक्काहत्तरची वही पाहून सोमवारी नक्की करते.’ शुक्रवारी ते प्रुफ तिघांना गेलं. रविवारी तिघेही बंगल्यावर बैठकीला होते. सोमवारी मी कपाट उघडलं तर जागा रिकामी.”

“किल्ली?”

“पेन्सिलींच्या मगात. सगळ्या घराला माहीत आहे.”

“तिघे म्हणजे प्रबोध, शिरीष आणि?”

“अभय. मार्केटिंगवाला. बैठकीत माझ्यासमोर म्हणाला, ‘ती एक्काहत्तरची वही जाळून टाका, पीडा जाईल.’”

३

गुरुवारी सकाळी बंगल्यावर अभय फोन कानाला लावूनच भेटला. बूट चकचकीत, दात त्याहून चकचकीत.

“जाळा म्हणालो, हो. अंकल, ऐकलंय मी, त्यात ओतशाळेतल्या संपाचं रडगाणं आहे. कामावरून काढलेल्या तीनशे माणसांची नावं. समारंभात लोक वाइन पिणार की तीनशे बेकार मोजणार?”

“इतिहास आहे ना पुस्तकाचं नाव?”

“इतिहास म्हणजे फील, अंकल. फील आला पाहिजे.”

“फोरमनच्या वह्यांपैकी एखादी उघडून पाहिलीत तुम्ही?”

“मी?” अभय मनापासून हसला. “शंभर-शंभर पानं आहेत त्यांत!”

त्याच्या मागे एक उभा फलक गुंडाळून ठेवला होता. निशिकांतांनी तो काठीने थोडा उलगडला. ‘२ ऑगस्ट १९७१: एक सुवर्णक्षण’, असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं.

“ही तारीख बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

“शिरीषजींची आहे. म्हणजे बरोबरच.”

निशिकांतांनी फलक पुन्हा गुंडाळला. न वाचण्याचा असा निर्मळ अभिमान त्यांनी मागच्या बाकांवरही क्वचित पाहिला होता. मागच्या बाकावरच्या मुलांना निदान त्याची लाज तरी वाटायची.

४

शिरीष वैशंपायन दिवाणखान्यातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीत बसले होते. त्रेसष्ट वर्षांचे, दमट सिंगापुरात लोकरी ब्लेझर, त्याच्या खिशावर थॅकर्बीचं चिन्ह नव्याने शिवून घेतलेलं. मराठी मंडळात ते दर वर्षी ‘माझी इंग्लंडची उमेदवारी’ या विषयावर बोलत. लोक दर वर्षी जेवणाची वाट पाहत ऐकत.

“विचारा, देवस्थळी, विचारा. थॅकर्बी पाहिलेला या शहरात मीच एक शिल्लक आहे.”

“तो पन्नास हजारावा ट्रॅक्टर सांगा ना. मला ऐकायचाय.”

शिरीषनी डोळे मिटले. “सतरा सप्टेंबर एकोणीसशे एक्काहत्तर. शुक्रवार. अजून नाकात वास आहे, शुक्रवार म्हणजे कँटीनमध्ये मासे नि चिप्स. दुपारी दोनचा सुमार. त्या दिवशी चौतीस ट्रॅक्टर निघाले आणि शेवटचा तो. मधे रंगाच्या भट्टीचा पट्टा तुटला, चाळीस मिनिटं काम बंद. आम्ही पोरं श्वास रोखून उभी.”

“प्रुफात दोन ऑगस्ट होतं.”

“वय झालं हो. मागाहून लक्षात आलं. मंगळवारी छापखान्याला फोन करून मीच बदलून घेतलं. उगाच त्या मुलीला बोलायला जागा नको.”

“आठवलं कसं?”

“आठवतं ते आठवतं. आतून येतं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पोरगी वाईट नाही. पण जुन्या वस्तूंना बाहेर गिऱ्हाईक असतं. तुम्ही शिक्षक माणूस, तुम्हाला हे जग कसं कळणार?”

“खरंय,” निशिकांत म्हणाले. “मला फक्त पेपर तपासता येतात.”

५

दुपारी ते विनीताला घेऊन उरलेल्या तेरा वह्यांसमोर बसले. अल्फ पार्किनचं अक्षर लहान आणि उभं होतं, कंपासपेटीतल्या अणकुचीदार पेन्सिलीसारखं. निशिकांतांनी एकोणसत्तरची वही घेतली आणि सुट्टी संपल्याचा सोमवार काढला.

“वाच.”

“अकरा ऑगस्ट, सोमवार. सात चाळीस. ट्रॅक्टर एकतीस.”

“आता मला सांग. कारखाना पंधरा दिवस बंद. भट्ट्या गार. लोक आत्ताच फाटकातून आत येताहेत, निम्म्यांच्या बुटांत अजून समुद्राची वाळू आहे. आणि सकाळचे सात चाळीस. हे एकतीस ट्रॅक्टर कोणी जोडले?”

त्यांनी उत्तर सांगितलं नाही. उत्तर सांगून टाकणारा मास्तर त्यांना आळशी वाटे. ते खिडकीबाहेर बघत बसले.

“काका,” ती हळूच म्हणाली, “हे त्या दिवसाचे नाहीतच. सुट्टीआधीच्या शुक्रवारचे आहेत. अल्फ रोज सकाळी आल्यावर आधल्या दिवसाचं काम लिहायचा, आणि वर तारीख घालायचा लिहिण्याच्या दिवसाची!”

“दुसरीकडे ताडून बघ.”

तिने सहासष्ट पाहिली, बहात्तर पाहिली, चौऱ्याहत्तर पाहिली. प्रत्येक वहीत सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी पूर्ण दिवसाचा आकडा होता. सहा महिने ती हे रोज वाचत होती. वेळ तिने कौतुकाने वाचली होती, पण तिचा विचार केला नव्हता. तिचे कान लाल झाले.

“चुकलं माझं.”

“सापडली की चूक. आता डोरीनबाईंना फोन लाव. त्यांच्याकडे आत्ता सकाळ असेल.”

डोरीन पार्किन चहा पीत होत्या. पन्नास हजारावा ट्रॅक्टर? अहो, त्याचं कात्रण त्यांच्या जिन्यात फ्रेम करून लावलंय. थांबा, चष्मा आणते. बऱ्याच वेळाने पावलांचा आवाज परत आला. गावच्या साप्ताहिकाचं पहिलं पान होतं ते. वर तारीख शुक्रवार, सतरा सप्टेंबर. खाली फोटो आणि ओळ: काल, गुरुवारी, पन्नास हजारावा ट्रॅक्टर बाहेर आला.

“शुक्रवारचा पेपर सकाळी किती वाजता यायचा?” निशिकांतांनी विचारायला लावलं.

“बाबा कामावर जायच्या आधी,” डोरीन म्हणाल्या. “का हो? बाबांची वही नीट आहे ना?”

विनीताने फोन हातात धरून निशिकांतांकडे पाहिलं.

“उद्या दुपारी सांगतो म्हणावं,” निशिकांत म्हणाले.

६

शुक्रवारी अकरा वाजता बंगल्याच्या दिवाणखान्यात पुस्तकांचे खोके येऊन पडले होते. तीनशे प्रती, ताज्या शाईचा वास. प्रबोध घड्याळाकडे बघत होता, अभय फोनकडे, शिरीष आपल्या खिशावरच्या चिन्हाकडे. विनीता दाराजवळ उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

“मी चाळीस वर्षं पेपर तपासले,” निशिकांत म्हणाले. “शेजारच्याचं बघून लिहिणारं पोर पकडणं फार सोपं असतं. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात, त्यांवरून काही कळत नाही. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोन पेपरांत एकच चूक, तीही विचित्र, सापडली की समजावं, एकाने दुसऱ्याचं पाहिलंय.”

“सर, पाऊण तास उरलाय,” प्रबोध म्हणाला.

“तुला पास व्हायलाही तेवढाच उरायचा. ऐक. पन्नास हजारावा ट्रॅक्टर सोळा सप्टेंबरला, गुरुवारी निघाला. सतरा तारखेच्या सकाळी तो पेपरात छापून आला, गाव झोपेतून उठायच्या आत. शिरीषराव म्हणतात, शुक्रवारी सतराला दुपारी दोन वाजता त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला. मासे खाऊन.”

“एका दिवसाचा फरक!” शिरीष उसळून म्हणाले. “त्रेचाळीस वर्षांनी! काय पोरखेळ लावलाय?”

“पोरांना कमी लेखू नका. एक दिवस चुकायला माझी हरकत नव्हती. पण जगात एकच जागा अशी आहे जिथे त्या ट्रॅक्टरवर सतरा तारीख पडणार. अल्फ पार्किनची वही. तो आजचं काम उद्या सकाळी सात चाळीसला लिहायचा, उद्याच्या तारखेखाली. तेरा वह्या समोर आहेत, प्रबोध, उघडून बघ. तुम्ही तारीख पाहिलीत, शिरीषराव, खालची वेळ नाही पाहिली. रविवारी वही गेली आणि मंगळवारी तुम्हाला आतून आठवलं. चौतीस ट्रॅक्टर, चाळीस मिनिटं, सगळं. चुकीसकट.”

“मग वही अभयनेही घेतली असेल...” शिरीष म्हणाले.

“अभयच्या फलकावर अजून दोन ऑगस्ट आहे. वही चोरली असती तरी त्याने ती वाचली नसती.”

“थँक यू, अंकल,” अभय म्हणाला. त्याला ती स्तुती वाटली असावी.

शिरीषनी ब्लेझरची बटणं लावली, मग काढली.

“मी फक्त तारीख बघायला नेली होती,” शेवटी ते म्हणाले. “सोमवारी सकाळी आणून ठेवणार होतो. पण त्यात शिकाऊ मुलांची यादी होती.”

“आणि तुमचं नाव नव्हतं.”

“मी होतो इंग्लंडात! लेस्टरला, मामाच्या दुकानात. थॅकर्बीच्या फाटकावरून एकदा बसने गेलो होतो. आता एकदा सांगितलं लोकांना, मग दर वर्षी तेच सांगावं लागतं.”

“ही बाई चार दिवस चोर म्हणून फिरतेय,” निशिकांत म्हणाले, “आणि तुम्ही मला सांगत होता, पोरगी वाईट नाही म्हणून.”

वही शिरीषच्या गाडीत, गोल्फच्या पिशवीत, काठ्यांच्या मधे उभी सापडली. पान एकही फाटलेलं नव्हतं. यादी जाळून टाकण्याइतकाही दम त्या माणसात नव्हता. निशिकांतांना आता त्याचा रागसुद्धा येईना. रागावण्यासाठी समोर काहीतरी असावं लागतं.

७

पावणेबाराला प्रबोधने ऑफिसात फोन करून पास रद्द करण्याचं थांबवलं. मग तो विनीताकडे वळला आणि मोकळं हसला.

“गैरसमज झाला. विसरून जाऊ. सोमवारपासून नेहमीसारखी ये.” तो जरा थांबला. “फक्त एक. शिरीषचं प्रकरण छापून झालंय. उद्या त्याला स्टेजवर बसवावंच लागेल, आमंत्रणात नाव आहे. आपल्या चौघांतच राहू दे हे. कोण तपासायला जातंय?”

निशिकांतांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे गणित त्यांचं नव्हतं.

विनीताने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. “मी तपासलं होतं, सर,” ती म्हणाली. “म्हणून तर चोर ठरले. पुस्तकावर माझं नाव आहे. ती आठ पानं त्यात राहणार असतील तर पास रद्द करा. मी चौदाही वह्या घेऊन डोरीनबाईंकडे पोचत्या करीन आणि का परत करतेय ते त्यांना सांगेन.”

“म्हणजे तीनशे प्रती फेकायच्या? उद्या समारंभ आहे!”

“फेकायच्या नाहीत. पानं काढायची.”

प्रबोधने निशिकांतांकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत नसे तेव्हा तो असाच पाहायचा. निशिकांतांनी तेव्हाही कधी सांगितलं नव्हतं. मग प्रबोधने पुन्हा फोन लावला आणि आमंत्रणातलं एक नाव खोडायला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत चौघे दिवाणखान्याच्या फरशीवर बसले होते. शिरीष गेले होते, ब्लेझर मात्र खुर्चीवरच राहिला होता. विनीता पानं मोजून देत होती, अभय प्रती लावत होता, आणि अडीच हजार ट्रॅक्टर विकायला निघालेला प्रबोध महाशब्दे मांडी घालून, स्टीलच्या पट्टीखाली ब्लेड धरून कापत होता. पहिल्याच प्रतीत त्याचं ब्लेड तिरकं गेलं आणि नांगराचं एक सुंदर चित्र चिरलं.

“पट्टी घट्ट धर,” निशिकांत शेजारी बसत म्हणाले. “अंगठा मागे. घाई करू नकोस. हं, आता ओढ.”

पानं सरळ निघाली. चाळीसनंतर एकदम एकोणपन्नास.

“सर,” प्रबोध ती फट बोटाने दाबत म्हणाला, “वाचणाऱ्याला कळेल, इथून काहीतरी काढलंय.”

“कळू दे,” निशिकांत म्हणाले, आणि पुढची प्रत त्याच्यापुढे सरकवली.